मातोश्री, ताई, बुआजी : राजवाड्याच्या छायेतील स्त्रीनेतृत्व आणि मतदार स्त्रिया

इंदूरच्या मध्यभागी उभा असलेला होळकरांचा राजवाडा सात मजल्यांचा आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. ही वास्तू एकाहून अधिक वेळा आगीत सापडली. अलीकडची मोठी आग १९८४ च्या दंगलीतील. समोरच्या बागेत अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे. २० मे २०२५ रोजी मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक भोपाळऐवजी याच राजवाड्यात भरली. निमित्त होते अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण होण्याचे.

त्या मंत्रिमंडळात पाच स्त्रिया होत्या. निर्मला भूरिया (पेटलावद), संपतिया उईके (मंडला) आणि राधा सिंह (चितरंगी) या तिघी अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघांतून निवडून आल्या होत्या. प्रतिमा बागरी (रैगाव) अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवरून आल्या होत्या. पाचव्या कृष्णा गौर या भोपाळच्या माजी महापौर, इतर मागासवर्गातील. सवर्ण स्त्री त्यांत एकही नव्हती. वरवर पाहता ही वंचित समाजांतील स्त्रियांची मोठीच मजल वाटते, आणि काही अंशी ती तशी आहेही. परंतु पाचपैकी चार जणींचा मार्ग जातिजमातीसाठी राखून ठेवलेल्या जागेतून गेला, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे. खुल्या जागेवर स्त्रीला, त्यातही मागास समाजातील स्त्रीला, उमेदवारी देताना पक्षांचा हात आजही आखडतो. २०२३ च्या निवडणुकीत मध्य प्रदेशच्या २३० सदस्यांच्या विधानसभेत २७ स्त्रिया निवडून आल्या. इंदूर जिल्ह्यातील नऊ जागांपैकी दोनच जागी स्त्रिया आहेत : इंदूर-४ मध्ये मालिनी गौड आणि महू येथे उषा ठाकूर.

गोमंतकातील वाचकाला हे आकडे परके वाटू नयेत. २०२२ मध्ये निवडल्या गेलेल्या चाळीस सदस्यांच्या गोवा विधानसभेत तीन स्त्रिया आल्या, आणि तेही ज्या राज्यात स्त्री मतदारांची संख्या पुरुष मतदारांपेक्षा अधिक आहे तेथे.

महेश्वरचा कारभार

पुतळा राजवाड्यासमोर असला तरी अहिल्याबाईंनी राज्य केले ते नर्मदाकाठच्या महेश्वरातून. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे धनगर समाजात झाला. हे गाव ज्या जिल्ह्यात येते तो आज अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले.

त्यानंतरचा प्रसंग स्त्रीनेतृत्वाच्या इतिहासात मोलाचा आहे. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा आग्रह होता की दत्तक घ्यावा आणि कारभार दिवाणाच्या हाती ठेवावा. रघुनाथराव त्यांच्या पाठीशी होते. अहिल्याबाईंनी हा डाव मान्य केला नाही. त्यांनी पुण्याला पेशवे माधवरावांकडे दाद मागितली, इतर सरदारांचा पाठिंबा मिळवला आणि दौलत आपल्या हाती राखली. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे, मुलकी कारभार आणि खजिना स्वतःकडे, अशी विभागणी त्यांनी केली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी निधन होईपर्यंत ती टिकली.

हे एकाएकी घडले नव्हते. मल्हाररावांनी हयातीतच सुनेकडे महसूल, रसद आणि तोफखान्याची कामे सोपवली होती. मोहिमेवरून तिला पाठवलेल्या त्यांच्या पत्रांत दारूगोळ्याच्या आणि कूचाच्या तपशीलवार सूचना आढळतात. म्हणजे गादीचा प्रश्न निघाला तेव्हा अहिल्याबाई दहाबारा वर्षांच्या अनुभवी कारभारी होत्या. भक्त, दानशूर, पुण्यश्लोक ही त्यांची रूपे उत्सवांतून सतत पुढे येतात. कारभाराची ही उमेदवारी मात्र फारशी कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी शंकराचे नाव घालण्याची रीत सांगितली जाते. लोकांनीही त्यांना नावाने न हाकारता ‘मातोश्री’ म्हटले. माळव्यात सत्ता हाती असलेल्या स्त्रीला नात्याच्या नावाने ओळखण्याची ही चाल पुढेही राहिली. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे ‘राजमाता’ झाल्या, सुमित्रा महाजन ‘ताई’ झाल्या, धार-झाबुआच्या जमुना देवी ‘बुआजी’ झाल्या. गोव्यातही शशिकला काकोडकर सर्वांच्या ‘ताई’च होत्या. या हाकेत आदर आहे, जवळीक आहे आणि एक कुंपणही आहे. आईने, बहिणीने, आत्याने घराच्या मर्यादेत राहून बोलावे, ही अपेक्षा त्या हाकेबरोबरच येते.

नाव नसलेल्या मतदार

नेत्यांची ही गोष्ट झाली. मतदार स्त्रीच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक कठोरपणे उभा राहिला.

ब्रिटिश अमलात १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना मत द्यावे की नाही हे प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवले. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये तशी अनुमती दिली. मुंबई प्रांतातील या मागणीत रमाबाई रानडे यांचा पुढाकार होता. अर्थात हे मत मालमत्तेच्या अटीला बांधलेले होते. ज्या बाईच्या नावावर शेत नाही, घर नाही, कर नाही, तिला ते मिळणार नव्हते. आणि दलित, कष्टकरी व आदिवासी समाजातील जवळपास सर्व स्त्रिया याच वर्गात मोडत.

या भेदामुळे स्त्रियांच्या चळवळीतही दोन सूर होते. १९३० नंतर अखिल भारतीय महिला परिषदेसारख्या संस्थांनी राखीव जागांना विरोध केला. आम्हाला समता हवी, सवलत नको, अशी त्यांची भूमिका होती. दलित स्त्रियांनी नेमकी उलट मागणी केली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. हजारो स्त्रिया तेथे जमल्या आणि कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत आपल्याला प्रतिनिधित्व मिळावे, असा ठराव त्यांनी केला. परिषदेपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचा जन्म इंदूरपासून जवळच असलेल्या महूच्या छावणीतला. ज्यांच्यासाठी खुले दार कधी खुले नव्हतेच, त्यांनी राखीव दार मागावे यात विसंगती नव्हती. दोन्ही बाजूंच्या स्त्रिया आपापल्या अनुभवाला धरूनच बोलत होत्या. परंतु पुढील ऐंशी वर्षांचा इतिहास नागपूरच्या ठरावाच्या बाजूने गेला आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि मालमत्तेची अट संपली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होऊ लागल्या तेव्हा मात्र एक अनपेक्षित अडचण निघाली. प्रगणक दारात आला की अनेक स्त्रिया आपले नाव सांगत नसत, किंवा घरचे ते सांगू देत नसत. यादीत ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की स्वतःचे नाव नसलेली नोंद ग्राह्य धरायची नाही. बिहारला दुरुस्तीसाठी महिनाभराची मुदतवाढ मिळाली. तरीही देशातील सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख नावे अखेर गळाली. त्यांतील बहुसंख्य बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत या राज्यांतील होती. मध्य भारत म्हणजे ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील संस्थाने एकत्र करून १९४८ मध्ये बनलेले राज्य. इंदूर ही त्याची उन्हाळी राजधानी. ज्या प्रदेशात एका स्त्रीने जवळपास तीन दशके राज्य केले, तेथे दीडशे वर्षांनंतर असंख्य स्त्रियांना यादीत स्वतःचे नाव नव्हते.

सेन यांचा निर्णय त्या काळी निष्ठुर वाटला. त्याचा परिणाम मात्र चांगला झाला : नाव दिले नाही तर मत जाते, हे घराघरांत कळले आणि पुढील निवडणुकीच्या याद्या सुधारल्या. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत प्रथमच स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेले (६७.१८ टक्के आणि ६७.०१ टक्के), २०२४ मध्येही ते पुढेच राहिले.

तरी यादीचा प्रश्न संपलेला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश आणि गोवा या दोन्ही राज्यांत मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचे काम सुरू झाले. त्यात मतदाराने आपला संबंध सुमारे दोन दशकांपूर्वीच्या यादीशी, स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या नोंदीद्वारे, जोडून दाखवायचा होता. लग्नानंतर गाव, आडनाव आणि कधी कधी पहिले नावही बदललेल्या स्त्रीला हे पुरुषापेक्षा अवघड जाते. तिचे जुने नाव माहेरच्या यादीत, नवे सासरच्या. आणि माहेर परराज्यात असेल तर धावपळ दुप्पट. इंदूरच्या मराठी घरांत महाराष्ट्रातून आलेल्या सुना पिढ्यानपिढ्या आहेत. गोव्यात सीमेपलीकडून, सिंधुदुर्ग-बेळगावकडून, आलेल्या सुनाही कमी नाहीत.

तिघींचे तीन रस्ते

सुमित्रा महाजन याही अशाच सून म्हणून आलेल्या. जन्म १२ एप्रिल १९४३, गाव कोकणातील चिपळूण, लग्नानंतर इंदूर. १९८२ मध्ये त्या नगरसेविका झाल्या, नंतर उपमहापौर. १९८५ ची विधानसभा निवडणूक हरल्या. चार वर्षांनी पक्षाने त्यांना लोकसभेसाठी उभे केले ते माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांच्याविरुद्ध. हिंदीभाषक बहुसंख्येच्या मतदारसंघात मराठी स्त्रीने मुरलेल्या काँग्रेस नेत्याला हरवले. या विजयासह त्या ओळीने आठ वेळा निवडून आल्या. हा प्रवास सुरळीत नव्हता : २००९ मध्ये मताधिक्य साडेअकरा हजारांच्या आसपास घसरले होते, २०१४ मध्ये ते साडेचार लाखांच्या वर गेले. त्याच वर्षी त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. मीरा कुमार यांच्यानंतर या आसनावर बसलेल्या त्या दुसऱ्या स्त्री. अहिल्याबाईंवर त्यांनी ‘मातोश्री’ हे पुस्तकही लिहिले आहे. २०१९ मध्ये उमेदवारीचा निर्णय लांबत गेला तेव्हा आपण लढणार नाही असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. त्या वर्षी आणि २०२४ मध्येही त्यांच्या पक्षाने इंदुरात पुरुष उमेदवार दिला. तीस वर्षे एका स्त्रीने राखलेली जागा दुसऱ्या स्त्रीकडे गेली नाही.

महाजन यांचे सामाजिक स्थान अनुकूल होते. शिक्षण, शहर, संघटना पाठीशी होती. जमुना देवींकडे यांतील फारसे काही नव्हते. धार जिल्ह्यातील सरदारपूरच्या या आदिवासी स्त्रीने मध्य भारताच्या पहिल्याच विधानसभेत, १९५२ मध्ये, प्रवेश केला. म्हणजे ज्या वर्षी त्यांच्या भागातील असंख्य बायका नाव नसल्याने यादीबाहेर राहिल्या, त्याच वर्षी त्या आमदार झाल्या. १९६२ मध्ये त्या झाबुआतून लोकसभेवर गेल्या, पुढे राज्यसभेवर, आणि नंतर दीर्घकाळ कुक्षीच्या आमदार राहिल्या. १९९८ मध्ये त्या मध्य प्रदेशाच्या उपमुख्यमंत्री झाल्या, २००३ नंतर विरोधी पक्षनेत्या. उपमुख्यमंत्री असतानाही स्वतःच्याच मुख्यमंत्र्यांवर जाहीर टीका करायला त्या कचरल्या नाहीत. ‘बुआजी’ या हाकेतले कुंपण त्यांनी फारसे मानले नाही असेच म्हणावे लागेल. २४ सप्टेंबर २०१० रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले. राज्याबाहेर त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

तिसरी वाट मालिनी गौड यांची. पती लक्ष्मणसिंह गौड हे राज्यात मंत्री होते; २००८ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी मालिनी गौड आमदार झाल्या. २०१५ मध्ये त्या महापौरपदी आल्या. उमा शशी शर्मा यांच्यानंतर या पदावरील त्या दुसऱ्या स्त्री. इंदूरने स्वच्छता सर्वेक्षणात देशात पहिला क्रमांक २०१७ पासून सलग मिळवला तो त्यांच्या कारकिर्दीत. पतीच्या जागी आलेली स्त्री केवळ नामधारी असते, हा समज अशा वेळी तपासून घ्यावा लागतो. वारसा हे दार आहे. आत गेल्यावर काय घडते ते वेगळे. शशिकला काकोडकर वडील दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झाल्या हे खरे. परंतु १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली लढवली आणि १९७९ पर्यंत राज्य चालवले. गोमंतकातील बहुजन समाजातून आलेल्या स्त्रीने हे केले, त्याला आता अर्धशतक उलटून गेले. तेव्हापासून गोव्याला दुसरी स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही.

शपथ कोणी घेतली?

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनंतर पंचायत निवडणुका घेणारे पहिले राज्य मध्य प्रदेश, वर्ष १९९४. आरंभी स्त्रियांना एक तृतीयांश जागा होत्या, पुढे स्थानिक संस्थांत निम्म्या झाल्या. इंदूर महापालिकेच्या ८५ प्रभागांनाही हाच नियम लागू आहे. या पायरीचा उपयोग कसा होतो याचे उदाहरण शेजारच्या धारमध्ये आहे : आदिवासी समाजातील सावित्री ठाकूर आधी तेथील जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षा होत्या, २०१४ मध्ये खासदार झाल्या आणि २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत.

याच पायरीवर दुसरेही चित्र दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये सागर आणि दमोह जिल्ह्यांतील काही गावांत निवडून आलेल्या स्त्रियांऐवजी त्यांच्या पतींनी, दिरांनी, वडिलांनी पंचायतीची शपथ घेतली. बातमी फुटल्यावर कारवाई झाली. ‘सरपंच पती’ हा शब्द हिंदी पट्ट्यात इतका रुळला आहे की त्यावर लोकप्रिय मालिका निघते आणि लोक हसतात. सर्वोच्च न्यायालयात २०२३ मध्ये हा प्रश्न उपस्थित झाल्यावर केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने त्यासाठी समिती नेमली. १९५१ मध्ये यादीत ‘तमक्याची बायको’ होती. आता कारभारात ‘तमकीचा नवरा’ आहे. शब्दांची उलटापालट झाली, अधिकार जागच्या जागी राहिला.

स्त्रिया मतदार म्हणून संघटित आहेत हे पक्षांनी ओळखले त्याचे फळ म्हणजे ‘लाडली बहना’. मध्य प्रदेशात जून २०२३ पासून दरमहा एक हजार रुपये खात्यात जमा होऊ लागले, पुढे रक्कम वाढली. त्याच वर्षअखेरच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने मोठे बहुमत मिळवले. वर्षभरात महाराष्ट्राने ‘लाडकी बहीण’ आणली; गोव्यात ‘गृह आधार’ २०१२ पासून आहे. या पैशाला भीक म्हणणे हा सुखवस्तूंचा उद्दामपणा आहे. हाती स्वतःचे चार पैसे असणे खेड्यातील बाईला बळ देते. परंतु योजनेचे नाव पाहावे. बहीण ओवाळणी घेते. घराचा हिशेब तिच्यापुढे मांडला जात नाही.

पुढचा कायदा

लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना देणारी १०६ वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. तिची अंमलबजावणी कायद्यानंतरच्या पहिल्या जनगणनेवर आधारलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली आहे. २०२४ मध्ये लोकसभेत निवडून आलेल्या स्त्रिया ७४ आहेत, ५४३ मध्ये.

या कायद्यात अनुसूचित जाती आणि जमातींच्या राखीव जागांतील एक तृतीयांश जागा त्याच समाजांतील स्त्रियांना मिळतील. इतर मागासवर्गातील स्त्रियांसाठी स्वतंत्र वाटा नाही. संसदेतील चर्चेत ही मागणी जोरात झाली, पण मान्य झाली नाही. त्यामुळे कुक्षीच्या खोऱ्यातील एखाद्या भिल्ल मुलीला जमुना देवींच्या वाटेने जाण्यासाठी निश्चित जागा असेल. माळव्यातील किंवा चौंडीच्या बाजूच्या धनगर मुलीला मात्र सर्वसाधारण स्त्री-जागेवर पैसा, घराणे आणि पक्षाचे वजन असलेल्या उमेदवारांशी सामना करून तिकीट मिळवावे लागेल. धनगर समाज मध्य प्रदेशात इतर मागासवर्गात मोडतो. राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला दरवर्षी जे पक्ष हार घालतात, तिकिटे वाटण्याचे काम त्यांच्याकडेच आहे.